पेन्सिलीतला डिस्चार्ज

"पेशंट एक तर हॉस्पिटलमध्ये असतो, नाही तर नसतो," असं आमचा साहेब म्हणाला, आणि त्या एका वाक्यावरून मी त्याच्याशी जवळजवळ वर्षभर भांडले.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. लंडनच्या वायव्येला असलेल्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात मी नोकरीला होते. विभाग म्हणजे काय, तर बॉयलरच्या खोलीमागे आणून ठेवलेली एक लांबुळकी केबिन. हिवाळ्यात कीबोर्डवर बोटं वळायची नाहीत आणि उन्हाळ्यात डब्यातलं लोणी वितळायचं. आम्ही तेव्हा नुकतेच जवळच स्टॅनमोरला घर घेऊन राहायला आलो होतो. नवरा दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. त्याच्या आधीची काही वर्षं त्याच्या नोकरीपायी ग्लासगोला काढली होती, घरी बसून. मी पुण्याला एका कारखान्यात पगाराचे प्रोग्रॅम लिहायचे, आणि इथे आल्यावर पोळ्या लाटत होते. त्यामुळे ही नोकरी मिळाली तेव्हा मी इतकी खूश होते की केबिनसुद्धा मला राजवाडा वाटली. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. असेल. पण तो राग पुन्हा कामाला लागला याचा मला आनंदच होता.

साहेब इंग्रज. आधी एका बिस्किटांच्या कंपनीत गोदामाचा कॉम्प्युटर सांभाळायचा. माणूस सज्जन, वक्तशीर, कुणाला टाकून बोलणार नाही. पण वॉर्डमध्ये पाऊल टाकायचा नाही. तिथल्या वासाने त्याला गरगरायचं, असं तो स्वतःच लाजत सांगायचा. त्यामुळे हॉस्पिटलचा कॉम्प्युटर बसवणारा हा माणूस हॉस्पिटलच्या बाहेरून बाहेरूनच चालत केबिनमध्ये यायचा आणि तसाच परत जायचा.

"मग पेशंटचं कसं चालतं ते बघणार कोण?" मी विचारलं.

"तू जा की," तो म्हणाला. "बघून ये आणि मला सांग."

म्हणून मी बायकांच्या मेडिकल वॉर्डात जाऊन बसायला लागले. तिथली सिस्टर, म्हणजे वॉर्डची मुख्य नर्स, ग्लासगोची होती. रुंद बांध्याची, छातीवर उलटं घड्याळ टाचलेली, आणि आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला ट्रॉल्या ढकलणारा पोर्टर सावध व्हावा. तिचे उच्चार तिच्या हाताखालच्या मुलींनाही धड कळायचे नाहीत. मला कळायचे! ग्लासगोत शेजारणींशी कुंपणावरून बोलूनच तर मी इंग्रजी शिकले होते. पहिल्याच दिवशी तिने मला "हेन" म्हटलं. हेन म्हणजे कोंबडी, पण ग्लासगोत बायका एकमेकींना मायेने तसंच म्हणतात. मी खुदकन हसले आणि आमचं जमलं.

तिच्या खिशात एक बोटभर पेन्सिल आणि एक खोडरबर असायचं. ते कशासाठी, हे कळायला मला थोडे दिवस लागले.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी औषधांचा तक्ता लटकलेला असे. सकाळी चहाच्या वेळी सिस्टर वॉर्डभर एक फेरी मारायची. कुणाशी बोलायची, कुणाच्या पायावरची सूज दाबून बघायची, कुणी आंघोळीला स्वतः चालत गेलं का ते विचारायची. आणि मग एखाद्या तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकशी फुली मारायची. थोड्या वेळाने फार्मसीचा माणूस फेरीवर यायचा. फुली दिसली की तो काही न बोलता घरी न्यायच्या गोळ्या बांधायला घ्यायचा. त्या बांधायला फार वेळ लागायचा, दुपार उलटून जायची, म्हणून ही तजवीज. दुपारी कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डचा मोठा डॉक्टर, आपला लवाजमा घेऊन यायचा, पेशंटच्या छातीला नळी लावायचा, विचार केल्यासारखा थांबायचा आणि म्हणायचा, "मला वाटतं, आज तुम्हाला घरी सोडायला हरकत नाही." सगळ्यांनी माना डोलवायच्या. गोळ्यांची पिशवी तोवर कपाटात येऊन पडलेली! हे कन्सल्टंटला ठाऊक होतं, सिस्टरला ठाऊक होतं, फार्मसीला ठाऊक होतं. पण तोंडाने कुणी बोलायचं नाही, ही तिथली रीत. आणि पेशंटचं बिनसलं, ताप चढला, तर सिस्टर खिशातून खोडरबर काढायची. झालं. कुणाचा अपमान नाही, कुणाची धावपळ नाही.

मला हे फार आवडलं. माणसं एकमेकांना सांभाळून किती छान काम करतात, असं वाटून मी बघतच राहायचे.

अशीच एकदा सिस्टरच्या टेबलाशी बसून मी स्वतःशी पुटपुटत होते. काहीतरी चुकलं की मी मराठीतच स्वतःला शिव्या घालते. "काय डोकं आहे का खोकं," असं काहीसं म्हणाले असेन. तर शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "पोरी, कुणाला गं एवढं बोलतेस?"

मी चमकून मागे पाहिलं. पांढरेशुभ्र केस, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि डोळे मिस्कील. तक्त्यावरचं नाव ज्यू. मला काही कळेना.

"बघत काय राहिलीस? आम्ही अलिबागकडचे. मुंबईत वाढले मी. आम्हाला शनिवारतेली म्हणायचे, माहीत नाही तुला? शनिवारी घाणा बंद ठेवणारे."

मला खरंच माहीत नव्हतं. मुंबईचे मराठी बोलणारे ज्यू असतात एवढं ऐकलं होतं, पण असं खाटेवर बसून कुणी मला मराठीत दटावेल हे स्वप्नातही नव्हतं. मी "आजी" म्हणायला गेले तर म्हणाल्या, "आजी म्हणायला माझी नातवंडं आहेत. तू मावशी म्हण." मग त्या मावशीच झाल्या.

मावशींचं हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी साचायचं. ते काढायला गोळ्या आणि रोज सकाळी रक्ताची तपासणी, कारण त्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि ते फार गेलं तर हृदय मध्येच दगा देतं. पण मावशींना काळजी पोटॅशियमची नव्हती, नातीच्या लग्नाची होती. लग्न त्या आठवड्यातल्या रविवारी. आदल्या संध्याकाळी, म्हणजे शनिवारी अंधार पडला की मेंदी. आणि मेंदीची मराठी गाणी येणारं त्या अख्ख्या घरात एकच माणूस उरलं होतं.

"सुनेला येत नाहीत. मुलाला अर्धी चाल येते, शब्द नाहीत. आणि नात," मावशी हसू दाबत म्हणाल्या, "ती मला म्हणते, आजी, मी आला, मला गाणी पाहिजे. मी आला! पण तिला हवीत गं. तिनेच हट्ट धरलाय, मेंदीला टेप नको, आजी पाहिजे. माझ्या आईने माझ्या मेंदीला म्हटली होती तीच. मी नाही गेले तर ती कुणी म्हणायची? आमच्यात ती इथेच संपली समज."

"जाल हो मावशी," मी म्हणाले.

"शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत घरी पोचले तर. एकदा शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा वार, लागला की शनिवारी अंधार पडेपर्यंत मी गाडीत पाय ठेवत नाही. मुंबईत नाही ठेवला, इथे ठेवू?"

आणि शुक्रवार चुकला की सोमवार, हे मला एव्हाना कळलं होतं. शनिवार-रविवारी फार्मसी बंद, मोठा डॉक्टर नाही, आणि ड्युटीवरचा ज्युनिअर दुसऱ्याच्या पेशंटला घरी सोडायची जोखीम घेत नाही. हिवाळ्यात इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे सगळं शुक्रवारी दुपारी, आणि तेही पटापट.

इथवर ठीक होतं. पण त्याच आठवड्याच्या सुरुवातीला, सोमवारी, आमचा नवा कॉम्प्युटर सुरू व्हायचा होता.

मी साहेबाला रिपोर्ट देऊन कित्येक महिने झाले होते. त्यात मी स्पष्ट लिहिलं होतं, की स्क्रीनवर पेशंटसाठी 'आहे' आणि 'गेला' यांच्या मध्ये आणखी एक अवस्था हवी. 'बहुतेक जाईल' अशी. वॉर्डचं निम्मं काम त्या बहुतेकवर चालतं.

"बहुतेक?" साहेब म्हणाला होता. "कॉम्प्युटरमध्ये बहुतेक कसं बसवू? खाट भरलेली आहे की रिकामी? मला एवढंच सांग."

"भरलेली आहे, पण बहुतेक रिकामी होईल."

"मग भरलेली."

"पण गोळ्या आधी बांधायला हव्यात!"

"डिस्चार्ज झाला की बांधतील."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ही माणसं आहेत, बिस्किटांचे पुडे नव्हेत. त्याचा चेहरा लाल झाला, पण तो ओरडला नाही. चहा करून आणला त्याने माझ्यासाठी. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही! आणि बिचाऱ्याचं तरी काय चुकत होतं? वरून दट्ट्या होता. रोज सकाळी कॅज्युअल्टीत माणसं ट्रॉलीवर ताटकळत पडायची, आणि खाट कुठे रिकामी आहे हे कुणालाच धड माहीत नसायचं. त्याला त्या माणसांना खाट द्यायची होती. मला माझ्या माणसांना घरी पाठवायचं होतं.

तर सोमवारी कॉम्प्युटर सुरू झाला. फार्मसीची सकाळची फेरी बंद झाली. आता ते खाली बसून स्क्रीन बघणार, आणि 'डिस्चार्ज' अशी नोंद दिसली की गोळ्या बांधणार. पेन्सिलीची फुली बघायला कुणी येणार नव्हतं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, पेशंट रात्रीच्या जेवणापर्यंत कोट घालून गोळ्यांची वाट बघत बसले. सिस्टर धुमसत होती. आणि शुक्रवारी सकाळी तिने चहाच्या वेळी मावशींच्या पायाची सूज दाबून बघितली, समाधानाने मान हलवली, आणि फुली मारायच्या ऐवजी सरळ स्क्रीनपाशी जाऊन 'डिस्चार्ज' दाबलं. तिच्या मते तिने नेहमीचीच फुली मारली होती. गोळ्यांचं काम तरी सुरू होईल, बाकी दुपारी बघू. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पण कॉम्प्युटरला पेन्सिल माहीत नव्हती. त्याच्या लेखी मावशी त्या क्षणाला घरी गेल्या.

आधी स्वयंपाकघराने त्यांचं जेवण रद्द केलं. वॉर्डभर ताटं आली, मावशींना नाही. "जाऊ दे, घरी जाऊन जेवते," मावशी म्हणाल्या. मग पोर्टर एक ट्रॉली घेऊन आला. ट्रॉलीवर धापा टाकणारी एक म्हातारी बाई. कॅज्युअल्टीत खाट रिकामी दिसली, म्हणून तिला पाठवून दिलेली. सिस्टरने कपाळाला हात लावला. तिला परत तरी कशी पाठवणार? श्वास लागलेला तिला. तेवढ्यात मावशींनीच पाय खाली सोडले.

"तिला झोपू दे गं इथे. मी काय, निघालेच आहे."

ऑक्सिजनची नळी आदल्या दिवशीच निघाली होती. त्यांनी कोट चढवला, डोक्यावर लोकरीची टोपी घातली, पर्स मांडीवर घेतली आणि खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्या. मुलगा गाडी घेऊन आलाच होता. पन्नाशीचा, अबोल माणूस. तो खिडकीपाशी उभा राहून सारखा आकाशाकडे बघत होता.

मग कन्सल्टंट आला. नळी लावली, थांबला, पण नेहमीचं वाक्य म्हणाला नाही. म्हणाला, "सकाळचं पोटॅशियम किती?"

ज्युनिअरने स्क्रीन बघितला. या नावाचा पेशंट या वॉर्डात नाही. लॅबला फोन लावला, तर तो सतत एंगेज, कारण त्या आठवड्यात सगळेच वॉर्ड लॅबला फोन करत होते. शेवटी लागला तेव्हा तिथल्या मुलीने सांगितलं, की पेशंट डिस्चार्ज झाल्यामुळे रिपोर्ट त्यांच्या घराजवळच्या डॉक्टरकडे पोस्टाने निघाला आहे, आणि लॅबच्या स्क्रीनवरही आता तो उघडत नाही. यंत्राच्या कागदांत शोधावा लागेल, आणि तिला जागेवरून हलता येत नाही.

"आकडा बघितल्याशिवाय मी सोडणार नाही," कन्सल्टंट म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. तो ओपीडीला निघून गेला.

तेव्हा सिस्टरने केबिनमध्ये मला फोन केला. तिचा तो दणदणीत आवाज इतका खाली आला होता की आधी मी ओळखलाच नाही. मी धावत गेले. डिस्चार्ज रद्द करून बघितला. होईना. त्या खाटेवर आता दुसरी बाई, आणि एका खाटेवर दोन बायका कॉम्प्युटर घेईना. मावशींना परत दाखल करावं तर दुसरी खाट हवी, आणि ती अख्ख्या हॉस्पिटलात नव्हती. शिवाय डिस्चार्ज रद्द झाला की बांधलेल्या गोळ्याही रद्द. मी त्या स्क्रीनसमोर उभी राहून रडकुंडीला आले. राग तर इतका आला होता, की साहेबाला फोन करून मी एवढंच म्हणाले, "इथे या. आत्ता. वॉर्डात."

आणि तो आला! दारात थबकला, चेहरा पांढराफटक, रुमाल नाकाशी. मी तोंड उघडणार होते. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य अगदी जिभेवर होतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो मावशींकडे बघत होता. कोट, टोपी, मांडीवर पर्स, आणि शेजारी त्यांच्या खाटेवर दुसरंच कुणी.

"या बाई कुठे आहेत, कॉम्प्युटरवर?" त्याने हळूच विचारलं.

"घरी," मी म्हणाले.

त्याने नाकाशी धरलेला रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाला, "लॅब कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. लॅब आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बाहेर पाऊस. तो छत्रीही न घेता निघाला. यंत्राच्या कागदांत शोधून परत आला तेव्हा निथळत होता, आणि आकडा त्याने तळहातावर बॉलपेनने लिहून मूठ घट्ट मिटून आणला होता. तीच मूठ घेऊन तो ओपीडीत गेला आणि कन्सल्टंटसमोर उघडली. आकडा उत्तम होता. कन्सल्टंट म्हणाला, "सोडा."

फार्मसीने तर केव्हाच गोळ्या पाठवल्या होत्या. कपाटातून पिशवी काढली, सही झाली. मी आनंदाने वळले आणि मावशींचा चेहरा बघितला. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आकाश काळवंडत आलं होतं.

"शब्बाथचा दिवा लावायची वेळ झाली," त्या म्हणाल्या.

"मम्मी, प्लीज. वीस मिनिटांचा तर रस्ता," मुलगा म्हणाला.

"वीस मिनिटांत सूर्य बुडेल."

साहेबाला वाटलं, अडचण मुलाने गाडी चालवायची आहे. तो म्हणाला, मी ज्यू नाही, मी माझ्या गाडीतून सोडतो. मी ते मराठीत सांगितलं. मावशी त्याच्याकडे बघून इतक्या गोड हसल्या. "गाडी कुणाची का असेना, बसणारी मीच ना? त्याला म्हणावं, तू भला माणूस आहेस." आणि मग त्यांचे डोळे भरले. "राहिली गं गाणी," एवढंच म्हणाल्या.

मला त्या वेळी त्या कॉम्प्युटरच्या तारा उपटून टाकाव्याशा वाटल्या.

दिवा तरी लावू दे म्हणाल्या, पण वॉर्डात ऑक्सिजन, काडी कशी ओढणार? सिस्टरने शेजारच्या टेबलावरचा विजेचा दिवा पुढे ओढला आणि मावशींचं बोट बटणावर ठेवलं. सूर्य बुडायच्या आत त्यांनी तो लावला, डोळ्यांवर हात धरले आणि प्रार्थना पुटपुटल्या.

साहेब इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो अचानक म्हणाला, "पण त्या इथे नाहीतच."

"काय?"

"कॉम्प्युटरवर त्या घरी गेल्यात. डॉक्टरने सोडलंय. गोळ्या मिळाल्यात. जो माणूस इथे नाहीच, त्याला उद्या संध्याकाळी बाहेर पडायला कुणाची परवानगी लागते?"

सिस्टर आधी हसली, मग मी. अहो, खरंच की! शनिवारी ड्युटीवरच्या ज्युनिअरला विचारायचं कशाला? विचारायला पेशंट तरी कुठे होता! प्रश्न उरला एका रात्रीचा. वॉर्डाच्या टोकाला एक छोटी खोली होती, अत्यवस्थ पेशंटच्या माणसांना झोपायला, त्यात एक दिवाण. ती कॉम्प्युटरला माहीतच नव्हती. मावशी त्या रात्री तिथे झोपल्या, स्वतःच्याच नातेवाईक म्हणून.

जेवण अर्थातच येणार नव्हतं. शनिवारी सकाळी मी घरून डबा नेला. फ्रीजरमध्ये सोललेले वाल होते, त्यांचं नारळाचं दूध घालून बिरडं केलं आणि तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्या मावशींना माझी भांडी चालली. भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घालून त्यांनी लगेच दुसरा मोडला. मग दुपारभर आम्ही त्या खोलीत गाणी जमवली. एका गाण्याची मधली ओळ त्यांना आठवेना. चाल आमच्याकडच्या हळदीच्या गाण्याच्या इतकी जवळची होती की मी नुसती गुणगुणत राहिले, गुणगुणत राहिले, आणि मावशींच्या तोंडून ती ओळ आपसूक बाहेर पडली. दारात उभी असलेली सिस्टर म्हणाली, "घरी गेलेल्या बाईने किती आवाज करावा हे आम्ही सांगू शकत नाही, हेन. चालू दे."

अंधार पडल्यावर मुलगा आला. तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो, पण ढगांमुळे ते काही दिसत नव्हते, म्हणून त्याने घड्याळ बघून वेळ झाल्याचं सांगितलं. मावशी चाकाच्या खुर्चीतून पुढच्या दाराने बाहेर पडल्या. मलाही त्यांनी गाडीत कोंबलं. मेंदीला त्यांचा आवाज फुटका लागला, दम मध्येच तुटायचा, आणि समोरच्या पोरींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी नातीने हात पुढे धरून ती सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकली. मी तर सरळ हुंदके देऊन रडले.

सोमवारी मी केबिनमध्ये शिरले तेव्हा साहेब माझ्या आधी येऊन बसला होता. "तुझं ते बहुतेक," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "कुठल्या रकान्यात टाकू?"

त्याने पेशंटच्या नावापुढे एक अक्षर बसवलं. पी. पी म्हणजे पेन्सिल. पी दाबलं की फार्मसीला कळायचं, पण खाट भरलेलीच राहायची, जेवण यायचं, रिपोर्ट वॉर्डातच यायचे. आणि संध्याकाळी पी आपोआप पुसला जायचा. दुसऱ्या दिवशी हवा असेल तर सिस्टरने पुन्हा फेरी मारून, पुन्हा बघून, स्वतःच्या हाताने टाकायचा. ही युक्ती साहेबाचीच. तो आता आठवड्यातून एकदा वॉर्डात जाऊन बसायचा, रुमालात निलगिरीचे थेंब टाकून.

मे महिन्यात मावशी परत आल्या. त्याच वॉर्डात. या वेळी पायांची सूज उतरेना. रोज सकाळी सिस्टर खाटेशी आली की विचारायच्या, "टुडे होम?" आणि सिस्टर म्हणायची, "बहुतेक." मग स्क्रीनपाशी जाऊन त्यांच्या नावापुढे पी टाकायची. मावशींना तिथून दिसायचं ते. फार्मसीला तिने फोन करून सांगून ठेवलं होतं, या एकीचं बांधू नका. रोज संध्याकाळी तो पी पुसला जायचा आणि रोज सकाळी ती परत टाकायची. केबिनमध्ये आमच्या स्क्रीनवर ते दिसत होतं. साहेबालाही दिसत होतं. गोळ्या कधीच न बांधलेला पी म्हणजे चूक, असं त्याचा प्रोग्रॅम दाखवायचा. त्याने ती सूचना त्या एका नावापुरती बंद केली, आणि मला वाटतं, मला ते कळलं नाही असं त्याला वाटत होतं.

एका शुक्रवारी सकाळी पी टाकल्यावर तासाभरात मावशी गेल्या.

सिस्टरचा फोन आला. "हेन, नोंद करायला घेतली तर हा कॉम्प्युटर विचारतोय, पेन्सिल खोडायची का? मला नाही दाबवत. तू ये." मी गेले. साहेबही मागोमाग आला, न बोलावता. स्क्रीनवर प्रश्न तसाच उभा होता. 'नाही' दाबलं तरी प्रोग्रॅम पुढे जातो, हे मला माहीत होतं. मी 'नाही' दाबलं. त्यांच्या नावापुढचा पी तसाच राहिला.

मुलगा आला होता. ज्यूंमध्ये दफन लवकर करतात, आणि शब्बाथ लागला की करत नाहीत. म्हणजे आज, नाही तर रविवारी. डॉक्टरची सही, ऑफिसचा शिक्का, सगळं वेगवेगळ्या इमारतींत. साहेबाने कोट घातला. "मी चालत जाऊन आणतो," तो म्हणाला, आणि दुपारपर्यंत सगळे कागद घेऊन आला. बाहेर लख्ख ऊन होतं. त्या शुक्रवारी मावशी सूर्य बुडायच्या खूप आधी निघाल्या.